साखरेच्या पोटची कडू गोळी

आजच्या गोष्टीत राजा नाही आणि राक्षसही नाही. आहे ती एक गोळी. जन्म साखरेच्या कुळातला, पण चवीला कडू. घरच्यांनी तिला मधुमेहावर धाडायचं ठरवलं होतं, तिनं नाव काढलं फिटच्या आजारात. पुढे अर्धशिशीवाल्यांनी तिला घरी नेलं. आणि जिथे गेली तिथे, कुणी न सांगता, तिनं माणसांच्या कमरेचे पट्टे एकेक भोक आत सरकवले. तिचं नाव टोपिरामेट.

"म्हणजे शेजारच्या काकूंची गोळी!" थोरली लगेच म्हणाली.

बरोबर. काकूंना अर्धशिशी. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, डोकं उठायचं कमी झालं, आणि काही महिन्यांत काकूंचे सगळे कपडे ढगळ झाले.

"आणि त्यांना गोटीसोडा पांचट लागतो," मधला म्हणाला. "दुकानदाराला म्हणाल्या, यात गॅसच नाही."

धाकटी सगळ्यांत सरळ बोलते. ती म्हणाली, "आजोबा, डोक्याच्या गोळीला पोट कसं सापडलं?"

तीच तर गोष्ट आहे. बसा नीट.

आधी फिट म्हणजे काय ते समजून घेऊ. कुणी आकडी म्हणतं, कुणी मिरगी, पुस्तकात अपस्मार. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात ते विजेच्या बारीक स्पंदनांनी आणि काही रसायनांनी. ग्लुटामेट नावाचं रसायन सांगतं, "चल, पुढे पाठव." गाबा नावाचं सांगतं, "थांब, पुरे." या दोघांच्या ओढाताणीतून आपलं चालणं, बोलणं, गृहपाठ टाळणं, सगळं होतं. लक्ष्मी रोडवर एरवी हजार माणसं हजार गोष्टी बोलत असतात आणि रस्त्याचा व्यवहार सुरळीत चालतो. पण विसर्जन मिरवणुकीत शंभर ढोल एका ठेक्यावर सुरू झाले की कुणाला कुणाचं ऐकू येतं का? फिटमध्ये तसंच होतं. असंख्य चेतापेशी एकदम, एकाच ठेक्यावर विजेची स्पंदनं सोडू लागतात, आणि मेंदूचा बाकीचा कारभार तेवढा वेळ बंद पडतो.

"मग कांदा हुंगवायचा," मधला म्हणाला.

मुळीच नाही! कांदा नाही, चप्पल नाही, आणि दातांत चमचा तर अजिबात नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा आणि घड्याळ बघा. बहुतेक वेळा फिट आपोआप थांबते. पाच मिनिटं होऊनही थांबली नाही, तर थेट दवाखाना. हे लक्षात ठेवा, पुढची गोष्ट विसरलात तरी चालेल.

आता गोळीचा जन्म. साल १९७९. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंग हाउस नावाच्या ठिकाणी मॅकनील कंपनीची प्रयोगशाळा होती, जॉन्सन अँड जॉन्सनच्या कुटुंबातली. तिथे ब्रूस मॅरियानॉफ नावाचे रसायनशास्त्रज्ञ मधुमेहाच्या मागे लागले होते. रात्री आपण काही खात नाही, तरी रक्तात साखर असते, कारण यकृत ती नव्याने तयार करत असतं. मधुमेहात यकृत हे काम गरजेपेक्षा जास्त करतं. या कामात एक विकर लागतं. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातली रासायनिक कामं झपाट्याने उरकणारं प्रथिन. मॅरियानॉफना वाटलं, हे विकर ज्या साखरेवर काम करतं तिच्यासारखा दिसणारा एखादा तोतया रेणू बनवून त्याला फसवावं. म्हणून त्यांनी फ्रुक्टोज घेतलं. फ्रुक्टोज म्हणजे फळांतली, मधातली साखर. तिला त्यांनी सल्फामेट नावाचा एक गट जोडला, त्यात गंधक, ऑक्सिजन आणि नायट्रोजन. या खटपटीत वाटेवर जो रेणू हाती लागला, तो आपला टोपिरामेट.

मधुमेहात त्याने काही उजेड पाडला नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

पण मारुतीही काही लहान देव नव्हे. मॅरियानॉफ यांची नजर त्या गंधक-नायट्रोजनच्या शेपटीवर खिळली. अशीच शेपटी ॲसिटाझोलामाइड नावाच्या एका जुन्या औषधाला होती, आणि ते औषध फिटवरही दिलं जायचं. मग हाही रेणू तिथेच का तपासू नये? उंदरांना विजेचा झटका देऊन फिट आणायची एक ठरलेली चाचणी असते. ज्या उंदरांना हा रेणू दिला होता त्यांना फिटपासून संरक्षण मिळालं, आणि तेही बराच वेळ टिकणारं. पुढे वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. १९९५ साली ब्रिटनमध्ये आणि १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेत हे औषध बाजारात यायला परवानगी मिळाली. अर्धशिशी टाळण्यासाठी अमेरिकेने त्याला २००४ साली मान्यता दिली.

एक गंमत सांगतो. बहुतेक औषधं एका ठिकाणी जाऊन एक काम करतात असं आपल्याला वाटतं. हे औषध निदान चार ठिकाणी हात घालतं. चेतापेशीत सोडिअम शिरण्याच्या वाटा ते आखडते करतं, म्हणजे पेशी सारखीसारखी पेटत नाही. गाबाच्या 'थांब'ला ते जोर देतं. ग्लुटामेटचा 'चल' ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, पोचतो त्यांतल्या काही ते दाबून ठेवतं. आणि चौथं काम म्हणजे एका विकराला अडवणं. त्या विकराकडे मी येतोच, कारण सोड्याचं गुपित तिथे आहे.

"पण वजन?" धाकटीला धीर कुठला.

फिटचे रुग्ण हे औषध घेऊ लागले तेव्हा डॉक्टरांना वजनाच्या काट्यावर काहीतरी वेगळंच दिसू लागलं. फिटच्या औषधांनी वजन वाढणं ही त्यांच्या ओळखीची तक्रार. व्हॅल्प्रोएट नावाचं चांगलं, जुनं औषध आहे, त्याने अनेकांची भूक आणि अंग दोन्ही वाढतात. इथे उलटंच चाललं होतं. वजन महिनोन्‌महिने हळूहळू उतरत होतं, आणि सुरुवातीला जितका माणूस जाड तितकी उतरण जास्त. कुणी पथ्य सांगितलं नव्हतं, कुणी पळायला लावलं नव्हतं.

"मला कळलं!" मधला ओरडला. "सोडा पांचट लागतो म्हणून लोक कोल्ड्रिंक पीत नाहीत, म्हणून बारीक होतात!"

वा! चूक आहे, पण धागा अगदी बरोबर पकडलास. चला, सोड्यापासूनच आत शिरू.

सोड्यात काय असतं? कार्बन डायऑक्साइड वायू. आपल्याला वाटतं, बुडबुडे जिभेवर फुटतात म्हणून झिणझिणतं. पण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली उंदरांवर दाखवून दिलं की जिभेला त्या वायूची चवच कळते. आंबट ओळखणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांच्या अंगावर कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकत्र आणून त्यांचं आम्ल आणि बायकार्बोनेट करतं, आणि ते आम्ल पेशीला जाणवतं. विकर अडवलं की जिभेला बातमीच पोचत नाही. बाटलीत गॅस भरपूर, पण काकूंच्या जिभेवर सोडा पांचट!

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा. लेहला किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाताना विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर डायमॉक्सची गोळी देतात. डायमॉक्स म्हणजेच मघाचं ॲसिटाझोलामाइड. ती घेतली की बोटांना मुंग्या येतात, आणि डोंगरावर मोठ्या हौसेनं फोडलेलं थंड पेय बेचव लागतं. टोपिरामेट घेणाऱ्यांनाही बोटांत मुंग्या येतात. शेपटी सारखी, विकर तेच, म्हणून करामतही तीच.

हे कार्बॉनिक अनहायड्रेज १९३३ साली केंब्रिजमध्ये रक्ताच्या तांबड्या पेशींत सापडलं. त्याचा वेग ऐकाल तर तोंडात बोट घालाल. या विकराच्या वेगवान प्रकाराचा एक रेणू एका सेकंदात कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दहा लाख रेणू हातावेगळे करतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हा फुप्फुसात त्याचंच काम चालू असतं. आणि ते एकट्या रक्तात नाही. जिभेवर आहे, मूत्रपिंडात आहे, डोळ्यात आहे, मेंदूत आहे, झाडांच्या पानांतही त्याच कामाचं विकर आहे. निसर्ग मोठा काटकसरी. एक चांगली युक्ती सापडली की तीच शंभर ठिकाणी वापरतो.

आता चरबीकडे या. तुम्ही गरजेपेक्षा जास्त भात, साखर खाल्ली की शरीर त्यातल्या काहीची चरबी करून ठेवतं. ही चरबी बांधण्याच्या पहिल्या पायऱ्यांना बायकार्बोनेट लागतं. पेशीत तंतुकणिका असतात, अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या. त्यांच्या आतही कार्बॉनिक अनहायड्रेजचा एक प्रकार बसलेला असतो, आणि चरबीच्या कामाला लागणारं बायकार्बोनेट पुरवण्यात त्याचा हात असतो. टोपिरामेट या प्रकारालाही अडवतं, हे इटलीत फ्लॉरेन्सच्या रसायनशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. कॅनडात क्वेबेकच्या शास्त्रज्ञांनी उंदीर पाळून पाहिलं. टोपिरामेट घेतलेल्या उंदरांच्या अंगावर चरबी कमी चढली, आणि त्याचं कारण फक्त कमी खाणं नव्हतं. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा साठवण्याचं त्यांच्या शरीराचं कसबच थोडं उणावलं होतं.

"म्हणजे भूक तेवढीच आणि चरबी कमी?" थोरलीने विचारलं.

नाही, भुकेचाही वाटा आहे, आणि माणसांत तो बराच मोठा आहे. त्यासाठी आपल्याला एका भारतीय माणसाला भेटायचंय.

बाल कृष्ण आनंद. १९१७ साली लाहोरला जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ते अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याकडे गेले. त्याआधी लोकांना एवढं माहीत होतं की मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो छोटासा भाग आहे, त्याच्या मधल्या भागाला इजा झाली की उंदीर खात सुटतो आणि गोल गरगरीत होतो. आनंद आणि ब्रोबेक यांनी १९५१ साली त्याच्या बाजूचा भाग तपासला. दोन्ही बाजूंचा तो बारीक ठिपका निकामी केला, तर उंदराने खाणंच सोडलं. समोर अन्न, पण इच्छा नाही. भुकेचं ठाणं सापडलं! आनंद पुढे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भूक एका ठिपक्यात मावत नाही, ती मेंदूच्या अनेक भागांच्या जाळ्यात पसरलेली असते, हे नंतरच्या संशोधनाने दाखवलं. पण त्या ठाण्याचं महत्त्व आजही कायम आहे.

आता दुवा जुळवा. कॅलिफोर्नियात १९९३ साली शास्त्रज्ञांनी पोटभर जेवलेल्या उंदरांच्या नेमक्या त्याच भागात ग्लुटामेटचा सूक्ष्म थेंब सोडला. ढेकर देऊन बसलेले उंदीर काही मिनिटांत पुन्हा खायला धावले! ग्लुटामेट ज्या ग्राहींवर जाऊन बसतं, त्यांना वेगळ्या रसायनांनी चेतवलं तरी तेच झालं. आणि टोपिरामेट ग्लुटामेटच्या कुठल्या ग्राही दाबतं? त्यातल्याच काही. फिटमधला 'चल' आणि भुकेतला 'चल' मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत उमटतो, पण ऐकणाऱ्या ग्राही त्याच जातीच्या. फिटला आवर घालायला गेलेलं औषध जाता जाता भुकेलाही गप्प बसवत असावं.

काही माणसांना भूक नसतानाही, बेभान होऊन, पोट दुखेपर्यंत खाण्याचा आजार असतो. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत टोपिरामेट घेणाऱ्या अशा रुग्णांचे ते झटके खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या तुलनेत बरेच कमी झाले.

तेव्हा धाकटे, तुझं उत्तर हे. गोळीला पोट शोधावं लागलंच नाही. ती पोटातून रक्तात गेली, आणि रक्त काही फक्त डोक्याकडे जात नाही. ते जीभ, मूत्रपिंड, चरबी, मेंदू सगळीकडे फिरतं. जिथे जिथे तिच्या ओळखीचं विकर भेटलं, ओळखीची ग्राही भेटली, तिथे तिथे तिनं तेच केलं जे तिला करता येतं. आपण खोक्यावर 'फिटसाठी' असं छापतो. गोळीला वाचता येत नाही.

"मग जाड माणसांना देऊन टाकायची की सरळ!" मधला म्हणाला.

कंपनीलाही तेच सुचलं. २००३ साली छापून आलेल्या एका चाचणीत ३८५ लठ्ठ माणसं होती. चोवीस आठवड्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांचं वजन सरासरी २.६ टक्के उतरलं, आणि टोपिरामेटचा मोठा डोस घेणाऱ्यांचं ६.३ टक्के. म्हणजे शंभर किलोचा माणूस जवळजवळ चौऱ्याण्णववर. काम तर होत होतं, पण किंमत फार. हाताला मुंग्या, लक्ष लागेना, शब्द आठवेनात. समोर वाटी आहे, ती वाटी आहे हे माहीत आहे, पण 'वाटी' हा शब्द तोंडातून बाहेर येत नाही! असे लोक वैतागून गोळी सोडू लागले. नुसत्या टोपिरामेटला वजनाचं औषध करायचा बेत कंपनीने गुंडाळला.

मग दुसऱ्यांनी युक्ती केली. टोपिरामेटचा डोस खूप कमी करायचा आणि त्याला फेंटरमिन नावाच्या, भूक मारणाऱ्या जुन्या औषधाची जोड द्यायची. फिटसाठी दिवसाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅम लागतात, इथे शेचाळीस किंवा ब्याण्णव. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २,४८७ माणसं होती. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला दिलेला. छप्पन्न आठवड्यांनंतर खोट्या गोळीने १.४ किलो, जोडगोळीच्या लहान डोसने ८.१ किलो आणि मोठ्या डोसने १०.२ किलो वजन उतरलं. २०१२ च्या जुलैमध्ये अमेरिकेने या जोडगोळीला लठ्ठपणासाठी परवानगी दिली. युरोपच्या औषध नियामकांनी मात्र हृदयावर आणि मेंदूवर दीर्घकाळात काय परिणाम होतील याची काळजी पुढे करून नकार दिला. औषध तेच, चाचण्याही त्याच, पण दोन समंजस मंडळींनी नफातोट्याचा हिशेब वेगवेगळा मांडला.

"म्हणजे आमच्या आत्याला चालेल?" थोरलीचा आवाज जरा खाली आला. आत्याच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, तिला बारीक व्हायचंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

कुणाच्या सांगण्यावरून, दुकानातून आणून, कधीच नाही. ऐका का ते. बाई गरोदर असताना ही गोळी पोटात गेली तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा धोका वाढतो, आणि हे घडतं ते पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा आईला आपण गरोदर आहोत हे कळलेलंही नसतं. त्याच विकराला मूत्रपिंडात अडवल्यामुळे बायकार्बोनेट लघवीवाटे निघून जातं, रक्तातली आम्लता वाढते, मुतखडे होऊ शकतात, म्हणून पाणी भरपूर प्यावं लागतं. काहींच्या डोळ्यातला दाब अचानक वाढतो, डोळा लाल होऊन दुखतो आणि धूसर दिसतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाहीतर नजर जायची. काही लहान मुलांना घाम कमी येतो, मग उन्हाळ्यात अंग तापतं. काहींचं मन खिन्न होतं. आणि वजनाचं म्हणाल, तर गोळी थांबली की उतरलेलं वजन परत चढू लागतं.

उलट बाजूही सांगतो. फिटसाठी जो ही गोळी घेतो आणि आधीच काटकुळा आहे, त्याला हे वजन उतरणं परवडणारं नसतं. तरी त्याने घाबरून गोळी एका रात्रीत सोडायची नाही. फिटचं औषध अचानक बंद केलं तर दबलेल्या फिट दुप्पट जोराने येऊ शकतात. डॉक्टरांना सांगायचं, ते डोस हळूहळू कमी करतील किंवा दुसरं औषध देतील. म्हणून तर शहाणा डॉक्टर औषध निवडताना आधी रुग्णाचं वजन, वय, मुतखड्याचा इतिहास, लग्न आणि मूलबाळ हे सगळं विचारतो. त्या चौकशा उगाच नसतात.

"पण आजोबा, एवढ्या सगळ्या भलत्या गोष्टी एका गोळीत कशा?" मधला अजून बोटं मोजत होता. "मुंग्या, मुतखडा, पांचट सोडा, शब्द हरवणं, वजन… एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही."

संबंध आहे. आता मी सांगितलेलं पुन्हा मांडून बघ. सोडा, मुंग्या, मुतखडा आणि चरबीचा काही भाग यांच्यामागे एकच विकर, चार ठिकाणी बसलेलं. भूक आणि हरवलेले शब्द यांच्यामागे बहुधा मेंदूतला तो दाबलेला 'चल'. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक घडीचा कागद असतो, तुम्ही लोक त्याचं विमान करता. त्यावर वरवर बघता नुसती त्रासांची यादी असते. पण नीट वाचलात तर निसर्गाने एकच युक्ती शरीरात कुठे कुठे वापरली आहे, त्याचे पत्ते त्यात मिळतात. काकूंकडून तो कागद मागून आणा. मुंग्यांचा पत्ता आपल्याला लागला, आता उरलेले तुम्ही शोधा.